ओव्हरकाका

काकांशी फोनवर बोलताना एक पथ्य पाळावं लागतं. त्यांचं वाक्य संपलं असं वाटलं तरी लगेच तोंड उघडायचं नाही. ते 'ओव्हर' म्हणेपर्यंत दम धरायचा. मध्येच बोललात तर काका चिडत नाहीत, शांतपणे म्हणतात, "डबलिंग झालं. पुन्हा पाठवा. ओव्हर." त्यांच्या जावयाला हे लग्नानंतर बरेच दिवस उमगलं नव्हतं. तो बिचारा तिकडून 'हॅलो, हॅलो' करत राहायचा आणि इकडे काका वहीत लिहायचे: जावई, नांदेड, आवाज थ्री-बाय-फाइव्ह, खरखर फार.

गल्लीतली पोरं त्यांना ओव्हरकाका म्हणतात. खरं नाव रेशनकार्डावर आहे, ते तिथंच राहू द्या. काकांना स्वतःलाही त्या नावापेक्षा परवान्यावरचा कॉलसाइन जास्त प्यारा. व्हीयू थ्रीनं सुरू होणारी ती अक्षरं दुकानाच्या पाटीवर आहेत, मोटारसायकलच्या मडगार्डवर आहेत. लेकीच्या लग्नात दिलेल्या स्टीलच्या भांड्यांवर लोक बापाचं नाव कोरून घेतात. काकांनी कॉलसाइन कोरून घेतला. सासरच्यांनी आधी तो गाडीचा नंबर समजला आणि गाडी कधी मिळणार म्हणून दोन दिवाळ्या वाट पाहिली.

काका हॅम आहेत. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला: सरकारची परीक्षा देऊन, पोलीस-पडताळणी करून घेऊन, केंद्राचा परवाना काढून, घरच्या सेटवरून जगभरातल्या आपल्यासारख्याच वेड्यांशी बोलणारा गृहस्थ. या बोलण्याचे पैसे मिळत नाहीत, उलट जातात. पैशाच्या व्यवहाराचं बोलायलाच बंदी आहे. मागे कापसाचा एक व्यापारी दुकानात येऊन बसला. म्हणाला, "काका, त्या नांदेडवाल्याले विचारा ना, आज कापूस काय भावानं चालला." काकांनी त्याला चहा पाजला आणि नियम वाचून दाखवला. तो व्यापारी अजून सगळीकडे सांगत फिरतो की बोथला एक माणूस आहे, त्याच्याकडे अमेरिकेला लागणारा फोन आहे, पण त्यावर कापसाचा भाव विचारता येत नाही.

बोथ आदिलाबाद जिल्ह्यात आहे. नागपूर-हैदराबाद हमरस्त्यापासून आत, डोंगर-जंगलाचा मुलूख, पलीकडे महाराष्ट्रातलं किनवट. सरकारी कागद तेलुगूत, दुकानदारी उर्दू-तेलुगूत, घरात मराठी, आणि बाजाराच्या दिवशी गोंडी नि लंबाडीही कानावर पडणार. काका पाचही बोलतात. सहावी त्यांची क्यू-कोडची. त्या भाषेत 'क्यूटीएच' म्हणजे ठिकाण, 'क्यूआरएम' म्हणजे दुसऱ्या स्टेशनची लुडबुड आणि 'क्यूआरटी' म्हणजे दुकान बंद. काकू माहेरी गेल्या की काका सांगतात, "स्वयंपाकघर क्यूआरटी आहे."

पोटापाण्याचा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. या भागात कापूस, सोयाबीन, तूर. विहिरीवरच्या मोटारी आणि त्यांना मिळणारी वीज यांचं जमत नाही, त्यामुळे काकांना काम भरपूर. दिवसभर हातात तांब्याची तार असते. संध्याकाळी उरलेली तार घेऊन काका आत जातात आणि तिची कॉइल करतात. जळालेली मोटार द्यायला आलेला शेतकरी जर चुकून म्हणाला, "काका, ही भिंतीवरची तार कायची?" तर त्याच्या पिकाला त्या दिवशी पाणी मिळत नाही.

हे वेड लागलं किल्लारीला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं दमून झोपलेली. काका तेव्हा विशीतले, नांदेडला रिवाइंडिंग शिकत होते. धान्याच्या एका ट्रकबरोबर तेही औसा तालुक्यात गेले. फोन बंद. अशात एका झाडाला तार बांधून, गाडीच्या बॅटरीवर सेट लावून, कानाला हेडफोन अडकवलेला हैदराबादचा एक माणूस बसलेला त्यांनी पाहिला. तो एकेक नाव वाचत होता. नाव, गाव, आणि पुढे एकच शब्द, कधी हा, कधी तो. काकांनी त्याला तांब्याभर पाणी नेऊन दिलं. त्यानं हातानंच 'थांब' केलं, यादी संपवली, मग पाणी प्यायला. त्या माणसाचं नाव काकांना आठवत नाही. कॉलसाइन आठवतो.

परीक्षेला मात्र पुढं बरीच वर्षं गेली. संसार, दुकान, मग इंग्रजीची भीती. शेवटी लेक दहावीला असताना बापलेक दोघं एकाच कंदिलाखाली अभ्यासाला बसले. ती भूमिती, हे ओहमचा नियम. हैदराबादेला जाऊन पेपर दिला, रेडिओचं शास्त्र आणि कायदेकानून. पास झाले. मग पडताळणीसाठी हवालदार घरी आला. या जिल्ह्यानं नक्षलवाद्यांचे दिवस पाहिलेत, त्यामुळे वायरलेस हा शब्द ऐकला की खाकीचे कान टवकारतात. "परदेशी माणसाशी बोलून काय करणार?" त्यानं विचारलं. काका म्हणाले, "हवामान विचारणार." हवालदारानं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग काकांनी ठेवणीतला पत्ता काढला: राजीव गांधी स्वतः हॅम होते, व्हीयू टू आरजी! प्रधानमंत्र्याचा छंद म्हटल्यावर हवालदार सैलावला आणि त्यानं "मग सांगा बरं काय असतं ते" असं म्हणायची घोडचूक केली. काकांनी 1921 सालच्या अमरेंद्रचंद्र गुप्तूंपासून, म्हणजे हिंदुस्थानातल्या पहिल्या परवानाधारक हॅमपासून सुरुवात केली. इतिहास 1942 पर्यंत आला तेव्हा दिवेलागण झाली होती. हवालदारानं उभ्याउभ्या सही केली आणि पुढं पुष्कळ दिवस तो या गल्लीतून गस्त घालत नव्हता.

काकांचा पहिला सेट घरीच जन्मला. हैदराबादच्या अशर फरहान यांनी 2003 साली 'बिटेक्स' नावाची रचना जाहीर केली. परदेशी सेट ज्याला परवडत नाही त्यानं इथल्या बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून आपला सेट आपणच जोडावा, हा तिचा हेतू. कॉइल गुंडाळायला महागडी रिंग मिळत नसेल तर नळाचा वायसर चालेल, इतकी ती रचना गरिबाघरची. काकांनी हे वाचलं आणि उठून स्वयंपाकघरात गेले. त्या वर्षी घरातले सगळे नळ ठिबकत होते. काकूंनी प्लंबर बोलावला. तो दर वेळी नवे वायसर बसवून जाई आणि आठवड्यात नळ पुन्हा ठिबकायला लागत. सेट सुरू झाल्यावर काका गल्लीभर सांगत सुटले, "दहा वॅटही नाहीत. घरातल्या एलईडी बल्बाएवढी ताकद. तेवढ्यावर श्रीलंका लागली." काकू म्हणाल्या, "नळ कधी लागणार?"

काकूंची बाजू एकदा मांडायलाच हवी. घरात दोन घड्याळं आहेत, एक आपलं, एक यूटीसीचं, जे साडेपाच तास मागे चालतं. हॅमची वही जगभर यूटीसीत लिहितात म्हणून काका विचारही यूटीसीत करतात. "साडेअकराला चहा टाक" म्हणाले की समजायचं, संध्याकाळचे पाच. पाहुण्यांना मात्र कोण समजावणार? एकदा व्याही बरोबर साडेअकराला येऊन ओसरीत बसले आणि पाचपर्यंत शेजारच्यांचा पेपर वाचत राहिले.

काकांचा जेवणाचा अभिप्रायही हॅमचाच. आवाजाला गुण द्यायची पद्धत आहे: स्पष्टपणाला पाचपैकी, जोराला नऊपैकी. 'फाइव्ह-नाइन' म्हणजे उत्तम. वांग्याची भाजी फाइव्ह-नाइन, वरण फाइव्ह-सेव्हन, आणि एकदा ज्वारीच्या भाकरीला थ्री-फोर मिळाला तेव्हा त्या रात्री काकांना दुसरी भाकरीच मिळाली नाही. त्यात मोर्सची भर. वरच्या दर्जाच्या परवान्याला कडकट्ट यावं लागतं, त्याचा सराव काका इतकी वर्षं करतायत. जेवताना ताटावर बोटानं ठकठक चालू असते. नव्या सुनेला वाटायचं सासरे वाढायला सांगतायत. ती प्रत्येक ठकठकीला पळीभर आमटी वाढायची आणि काका तंद्रीत पीत राहायचे.

सगळ्यात मोठं भांडण तारेवरून झालं. सामान्य समज असा की अँटेना जितकी उंच तितकी चांगली. काका उलटं सांगतात. डोंगराळ भागात हातातल्या छोट्या सेटची लहर डोंगराला आपटून संपते. पण चाळीस मीटर बँडची सुमारे वीस मीटर लांब तार जमिनीपासून जरा कमी उंचीवरच बांधली तर लहर सरळ वर जाते, आयनांबरावरून परत फिरते आणि तीनशे-चारशे किलोमीटरच्या टापूत सडा घालावा तशी पडते. डोंगर मध्ये येतच नाहीत. हे शास्त्र पक्कं आहे. पण याचा घरगुती अर्थ असा की काकांची तार शेजारच्यांच्या चिंचेपासून आपल्या पाण्याच्या टाकीपर्यंत, अंगणातल्या माणसाचा हात पोचेल न पोचेल अशा उंचीवर गेली. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत आणि अंगणात इतकी लांब, ताणलेली, रिकामी तार. काकूंनी एक दिवस काठीनं तिच्यावर नऊवारी टाकली. आत काकांच्या मीटरची सुई चढली. त्यांनी सेट उघडला, जोडण्या तपासल्या, बॅटरी बदलली, हैदराबादच्या एका दोस्ताचा सल्ला घेतला. संध्याकाळी साडी वाळली, काकूंनी ती काढली आणि सेट आपोआप बरा झाला. काकांनी वहीत 'वातावरणीय कारण' असं लिहून ठेवलंय.

हवेवर हे लोक एकमेकांशी बोलतात तरी काय? मी बसून ऐकलंय. हजारो किलोमीटरवरचा माणूस सापडतो, आनंदानं आवाज थरथरतो, आणि मग दोघं एकमेकांना सांगतात की तुमचा सेट कोणता, तार कशी, तिकडे पाऊस आहे का. राजकारण नाही, धर्म नाही. शेवटी '73', म्हणजे शुभेच्छा, आणि रजा. मग महिन्यांनी टपालानं क्यूएसएल कार्ड येतं, गप्पा झाल्याची पोचपावती. जपानचं, रशियाचं, इंडोनेशियाचं. भिंतीवर माहूरच्या रेणुकेच्या तसबिरीभोवती ही कार्डं चिकटवलेली आहेत. काकांनी स्वतःची हजार कार्डं छापून घेतली होती, पत्ता: आदिलाबाद, आंध्र प्रदेश. 2014 मध्ये तेलंगण झालं. नऊशेच्या वर कार्डांवर काका निळ्या शाईनं राज्य खोडत बसले. दोन वर्षांनी जिल्ह्याचे चार तुकडे होणार म्हटल्यावर त्यांना घाम फुटला, पण बोथ आदिलाबादेतच राहिलं. ती बातमी आली त्या दिवशी काकांनी पेढे वाटले; लोकांना वाटलं, जिल्ह्याबद्दलचं प्रेम.

एक गोष्ट मला कधी समजली नाही. हे लोक मोबाईलला सदा नावं ठेवतात, "टॉवर पडला की तुमचा फोन म्हणजे वजनकाटा", वगैरे. पण सकाळच्या नेटची, म्हणजे ठरल्या वेळी सगळ्या हॅमनी हजेरी लावायची त्या सभेची आठवण येते व्हॉट्सॲपवर. आणि नेट सुरू झाली की काका हमखास कोणाला तरी मोबाईल लावून विचारतात, "मी रेडिओवर ऐकू येतोय का? ओव्हर."

हॅम लोकांत बायकोला 'एक्सवायएल' म्हणायची जुनी रीत आहे. काकू ती अक्षरं वर्षानुवर्षं ऐकत आल्या. त्यांना वाटायचं, काही मानाची पदवी असेल. एका दिवाळीत नातवानं इंटरनेटवर शोधून सांगितलं: एकेकाळची तरुणी. दोन दिवस काका स्वतःच क्यूआरटी होते.

गणपतीत मंडळाशी तंटा ठरलेला. काका सेटचं बटण दाबतात आणि मांडवातल्या स्पीकरमधून, ऐन आरतीत, चावून चावून बोलल्यासारखा घोगरा आवाज निघतो. शब्द एकही कळत नाही. पहिल्या वर्षी भाविक घाबरले, दुसऱ्या वर्षी पोरं काठ्या घेऊन आली. काका एक काळी फेराइटची रिंग घेऊन मांडवात गेले, स्पीकरची वायर तिच्यातून सात-आठ वेळा गुंडाळली आणि आवाज बंद. उपकार म्हणून मंडळानं त्यांना कार्याध्यक्ष केलं. हे पद ते अजून भोगतात, कारण साउंडवाला दर वर्षी नवा येतो आणि रिंग दर वर्षी हरवते.

मृग लागला की लोक बियाणं बघतात, काका फ्यूज बघतात. पूरबीर आलाच तर म्हणून खुंटीवर एक खाकी पिशवी बाराही महिने टांगलेली असते. तिच्यात गुंडाळलेली तार, दोर, पक्कड, फ्यूज, हेडफोन, प्लास्टिकचा कागद, शिट्टी, टॉर्च, पेन्सिली (पेन नाही, पावसात शाई पसरते) आणि बिस्किटांचे चार पुडे. जूनच्या पहिल्या आठवड्यात काका सगळं अंथरून यादीशी पडताळतात आणि दर वर्षी बिस्किटं नसतात. नातू मोठा झाला, आता नातीचा नंबर लागलाय. काका ओरडत नाहीत. नवे पुडे आणतात आणि वहीत लिहितात: 'रसद बदलली.'

मग सराव. पोचेरा धबधब्याजवळ काका एकदा पिशवी, ट्रॅक्टरची बॅटरी आणि मला घेऊन गेले. दोन झाडांमध्ये तार बांधली. सहलीला आलेल्या लोकांना वाटलं शूटिंग आहे; एका बाईनं पोराला कडेवर घेऊन "कोणता पिक्चर?" विचारलं. काका सेटमध्ये बोलायला लागले, "सीक्यू, सीक्यू, धिस इज ब्राव्हो ऑस्कर अल्फा टँगो हॉटेल…", हे बोथचं स्पेलिंग. बाजूचा भजीवाला म्हणाला, "हॉटेल हमरस्त्यावर हाय, सायेब." तेवढ्यात माकडं आली. वानराला ताणलेली तार दिसणं आणि त्यानं तिच्यावरून न चालणं हे शक्य नाही. तिघं चढले, तार तुटली, मदुराईच्या कुणाशी तरी चाललेलं बोलणं अर्ध्यात राहिलं. काका पाच भाषा बोलतात, पण माकडांना शिव्या त्यांनी फक्त मायबोलीत दिल्या, त्याही माइकचं बटण सोडून. हवेवर अपशब्द चालत नाहीत.

या सगळ्याला हसणारे गावात पुष्कळ आहेत, मीही त्यातलाच. पण ज्या पाण्याची काकांना धास्ती, ते पाणी खरं आहे. कडेम नदी याच डोंगरांत उगम पावते. पोचेराचं पाणी तिच्यातच जातं, पुढं कुंटाला धबधबा, मग निर्मल जिल्ह्यातलं कडेम धरण. 1958 मध्ये ते धरण पुरानं फुटलं होतं. 2022 च्या जुलैत पुन्हा तशीच वेळ आली: अठरापैकी एक दार उघडेना, धरणाच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त पाणी येत होतं, खालची गावं रिकामी करावी लागली. धरण टिकलं. त्या दिवसांत काका हेडफोन लावून बसून होते. फोन चालू होते, त्यांना कुणी काही विचारलं नाही. वहीत तासातासाला दोनच शब्द आहेत: 'ऐकत आहे.'

काकांना अंदमानची गोष्ट पाठ आहे. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद मोठ्या खटपटीनं परवानगी मिळवून पोर्ट ब्लेअरला स्टेशन घालून बसल्या होत्या, हौसेसाठी. त्या बेटांवरून हॅमचा आवाज दुर्मीळ, म्हणून जगभरचे लोक त्यांना पकडायला टपलेले. 26 तारखेला त्सुनामी आली आणि हौसेचं स्टेशन निरोपांचं स्टेशन झालं. काका सांगतात, "त्या निरोपांत 'वाचवा' कमी होतं. 'आम्ही बरे आहोत' जास्त. माणसाले तेवढंच सांगायचं राहते."

त्यांच्या वाट्याला असा एकच दिवस आला. माहूरची यात्रा करून भैंशाकडे परतणारी एक बस बोथला अडकली. पुढचा नाला रस्त्यावरून, मागचाही. वीज रात्रीच गेलेली, दुपारपर्यंत टॉवरची बॅटरी संपली. प्रवाशांना शाळेत उतरवलं, गावानं वरणभात घातला. आणि खुंटीवरची पिशवी खांद्याला अडकवून काका शाळेच्या व्हरांड्यात अवतरले. झेंड्याचा खांब ते लिंबाचं झाड, तार ताणली. चेहरा असा, की नवरदेवालाही जमू नये.

"रांगेत या. नाव, गाव, निरोप पंधरा शब्दांत, आणि ज्याला सांगायचं त्याचा फोन नंबर."

इथंच घोडं पेंड खाऊ लागलं. नंबर कुणालाच येत नव्हता. सगळे नंबर मोबाईलात आणि मोबाईल मेलेले. ड्रायव्हरला बायकोचा नंबर येईना, एका प्राध्यापकाला स्वतःचा येईना. शेवटी एका म्हातारीनं कमरेची चंची सोडली. पानाच्या डबीच्या झाकणाला आतून चिकटवलेली चिठ्ठी, नातवाच्या अक्षरात एकच नंबर. चाळीस माणसांचा सगळा कारभार त्या झाकणावर येऊन ठेपला. काकांनी हैदराबाद गाठलं. तिथला हॅम तेलुगू. काकांनी एकेक नाव अल्फा-ब्राव्होत फोडून सांगितलं, एकेक परत वाचून घेतलं. 'जाधव'चा 'यादव' झाला तेव्हा यादी पहिल्यापासून. घाई होती. चाळीस मीटरवर सूर्य कलला की बँड लांबतो. रात्री इंडोनेशिया खणखणीत ऐकू येतो आणि हैदराबाद गायब. यादी संपली. हैदराबादवाला नातवाला फोन करणार, नातू भैंशात घरोघरी सांगणार.

म्हातारी तिथंच उभी. "आता माझं. म्हैस व्यायली का इचारा."

"आजी, हे आपत्कालीन निरोपात बसत नाही."

"डबी माझी हाय."

काकांनी नियमाचं पुस्तक मनातल्या मनात चाळलं, डबीकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं: 'प्राधान्य, साधारण.' मग बटण दाबून, किल्लारीच्या यादीला शोभेल अशा आवाजात म्हणाले, "गेदे ईनिंदा? ओव्हर."

हैदराबाद क्षणभर गप्प. "अगेन, प्लीज."

काकांनी पुन्हा सांगितलं. उत्तर यायच्या आत सूर्य गेला आणि बँडही. रात्रभर म्हातारी व्हरांड्यात जागी, आणि शेजारी काका जागे, कानात हेडफोन घालून, इंडोनेशियातल्या कुणाचं तरी हवामान ऐकत. सकाळी आठच्या सुमारास हैदराबाद उगवलं: सगळ्या घरी निरोप पोचले, आणि आड दूड. काकांनी हेडफोन काढला आणि शाळेला ऐकू जाईल असं ओरडले, "वगार झाली!" टाळ्या वाजल्या. ज्यांची म्हैस नव्हती त्यांनीही वाजवल्या.

दुपारी पाणी उतरलं, बस गेली. कुणी काकांचं नाव विचारलं नाही. म्हातारीनं मात्र जाताना एक पान लावून दिलं. काका पान खात नाहीत, तरी खाल्लं आणि दोन दिवस त्यांना ठसका होता.

हॅमची परीक्षा बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही देता येते, खालच्या दर्जाला कडकट्टही लागत नाही. काका शिकवायला तयार आहेत, फी म्हणून बिस्किटांचा एक पुडा. ज्यांना परीक्षा द्यायची नाही त्यांनी निदान दोनचार नंबर कागदावर लिहून जवळ ठेवावेत. आणि तुमच्या गल्लीत असा एखादा गृहस्थ तारेचं भेंडोळं घेऊन तुमच्या झाडाकडे बघत उभा दिसला, तर त्याला बांधू द्या. कशाला म्हणून विचारू मात्र नका. विचारलंत तर तो 1921 पासून सुरुवात करील.